चार पावलं

सत्यवान मास्तर मूळचे फोंडाघाटाजवळचे. घर शेतकऱ्याचं, लहानपण गेलं ते बैलांच्या मागे. ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडल्यावर काही वर्षं इकडेतिकडे काढून सत्तावन सालच्या जूनमध्ये ते आचऱ्याजवळच्या एका वाडीतल्या शाळेत बदलून आले. समुद्र त्यांनी त्याआधी एक-दोनदाच पाहिला होता. वाडी मासेमारांची. पुरुष होडीवर नाहीतर किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, म्हणजे रापणीवर, बायका मासे विकायला. शाळा म्हणजे चिऱ्याच्या भिंतींची एक लांबडी खोली, वर नळ्यांचं कौलारू छप्पर, आणि पहिली ते चौथी मिळून एक्केचाळीस मुलं. शिकवायला मास्तर एकटेच. दोन वर्ग एका भिंतीकडे तोंड करून बसायचे, दोन दुसरीकडे.

मुलांकडून नुसतं पाठ करून घेणं मास्तरांना आवडत नसे. तपासणीला आलेले साहेब त्यांना एकदा म्हणाले होते की तुमची मुलं उत्तरं देतात पण पुस्तकातली देत नाहीत. मास्तरांनी ते घरी येऊन बायकोला, नर्मदाला, अभिमानाने सांगितलं होतं.

चौथीच्या विज्ञानात दुसऱ्या वर्षी गतीचा धडा आला. पुस्तकात तो दीड पानाचा होता. मास्तरांनी त्याला आठवडा दिला.

पहिल्या दिवशी त्यांनी घरून तांब्या आणला, त्यावर पुठ्ठा ठेवला आणि पुठ्ठ्यावर सुपारी. पुठ्ठा हळू ओढला तेव्हा सुपारी त्याच्याबरोबर सरकली. मग एकदम झटका दिला, तर पुठ्ठा हातात आला आणि सुपारी टण्णकन तांब्यात पडली. मुलं हसली. मास्तरांनी विचारलं, सुपारी पुठ्ठ्याबरोबर का नाही आली? कोणी काही, कोणी काही सांगितलं. मास्तर म्हणाले की सुपारी बसलेली होती आणि तिला बसूनच राहायचं होतं. आपण पुठ्ठा पळवला, सुपारीला कोणी हातच लावला नाही. बसलेली वस्तू बसून राहते, चाललेली चालत राहते, जोवर कोणी तिला ओढत, ढकलत किंवा अडवत नाही तोवर. याला म्हणतात जडत्व. तो शब्द त्यांनी फळ्यावर मोठा लिहिला.

दुसऱ्या दिवशी मुलांना त्यांनी किनाऱ्यावर नेलं. उंडीची गोल फळं सगळ्यांच्या खिशात असतच. कोरड्या वाळूवर उंडी टाकली ती हातभर जाऊन थांबली. लाट मागे गेल्यावर राहते त्या ओल्या, घट्ट वाळूवर टाकली तर लांबपर्यंत घरंगळत गेली. चाललेली वस्तू चालत राहते असं काल सांगितलं, मग ही का थांबली, असं मास्तरांनी विचारलं. मग प्रेमलता म्हणाली, "वाळू तिका धरता."

प्रेमलता ही लवू तारकराची मुलगी. वर्गात सगळ्यांत बारकी, आवाज मात्र खणखणीत. ती पुढे म्हणाली की बापूस होडी किनाऱ्याला लावताना आधीच वल्ही उचलतो, होडी आपली आपण येते आणि पाणीच तिला हळूहळू धरतं. बापूस उशिरा उचलेल तर होडी वाळूवर आपटेल. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. घर्षण हा शब्द त्यांना फळ्यावर लिहायचा होता, तो त्या दिवशी राहूनच गेला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी वरच्या वाडीतल्या एका शेतकऱ्याची बैलगाडी मागून आणली. बैलांची त्यांना सवय होती, कासरा त्यांनीच धरला. पाच-पाच मुलांना गाडीत उभं केलं. गाडी एकदम सुरू केली की मुलं मागे कलंडायची, एकदम थांबवली की पुढे. मास्तर प्रत्येक वेळी विचारत, पाय कुठे गेले, डोकं कुठे राहिलं? शेवटी कासरा मालकाच्या हातात देऊन ते स्वतः चालत्या गाडीतून उतरले. पहिल्यांदा मुद्दाम जागच्या जागी उभे राहिले आणि तोल जाऊन पुढे धडपडले. मुलांना फार मजा वाटली. दुसऱ्यांदा उतरले ते गाडीच्याच दिशेने चार पावलं धावले आणि थांबले. "बघितलंत? अंगात गाडीची गती असते. ती एकदम मोडायची नाही. गाडीबरोबर चार पावलं धावायचं, मग थांबायचं."

परत वर्गात बसल्यावर प्रेमलताने हात वर केला.

"मास्तरानू, लॉरीतसून उतरताना पन तशीच धावूचा?"

"तसंच," मास्तर म्हणाले. "बैलगाडी असो की लॉरी, नियम एकच."

प्रेमलताने तसं विचारण्याला कारण होतं. तिची आई मथुरा आठवड्याच्या बाजाराला मासे घेऊन फोंड्याला जायची. एस.टी.त मासळीच्या टोपल्या घेत नसत, म्हणून वाडीतल्या सहा-सात बायका मालाच्या लॉरीतून जायच्या. लॉरी पहाटे त्यांना घेऊन जायची आणि दिवस कलायच्या आधी गूळ-कांदे भरून मालवणकडे परत फिरायची. वाडीची पाऊलवाट रस्त्याला जिथे मिळते तिथे चढ आहे. चढावर गाडी थांबवली की पुन्हा उचलत नाही, असं म्हणून ड्रायव्हर तिथे कधीच थांबत नसे, फक्त लॉरी मंद व्हायची. बायका रिकाम्या टोपल्या आधी खाली टाकायच्या, मग मागच्या फाळक्याला लोंबकळून लॉरीमागून फरफटत थोडं पळायच्या आणि हात सोडायच्या. गुडघे खरचटायचे. मथुरा नऊ वर्षं तशीच उतरत होती.

त्या संध्याकाळी प्रेमलताने आईला अंगणात उभं करून उतरायचं कसं ते दाखवलं. दगडावरून उडी मारून स्वतः चार पावलं धावून दाखवलं. आईलाही धावायला लावलं. लवू बाजूला जाळं शिवत बसला होता. त्याला ते सगळं नंतर आठवलं.

त्यानंतरच्या पहिल्याच बाजाराच्या दिवशी, डिसेंबरात, शाळा सुटून मास्तर घरी निघाले होते, तेव्हा दोन माणसं खाट घेऊन वर रस्त्याकडे पळताना दिसली. मास्तरही त्यांच्यामागे गेले. चढावर, मैलाच्या दगडापाशी मथुरा पालथी पडली होती. बायका तिच्याभोवती बसल्या होत्या. लॉरी पुढे जाऊन थांबली होती आणि ड्रायव्हर चाकाशी उभा राहून प्रत्येकाला सांगत होता की मी गाडी मंद केली होती. मथुराला खाटेवर घालून घरी आणलं. आचऱ्याचे वैद्य आले, नाडी धरून बसले. पहाटे ती गेली. मधल्या वेळात एकदाही तिने डोळे उघडले नाहीत.

पोलीस पाटलासमोर जे लिहून घेतलं त्यात होतं की बाईने चालत्या गाडीतून स्वतः उडी घेतली. मास्तरांनीच ते लिहून दिलं, कारण वाडीत तसं लिहिणारं दुसरं कोणी नव्हतं. त्या वेळी त्या वाक्यात त्यांना काही खटकलं नाही.

प्रेमलता शाळेत यायची थांबली. दिवसकार्य होईपर्यंत मास्तर वाट बघत राहिले, मग चौकशीला निघाले. वाटेत त्यांना राधाबाई भेटली. ती मथुराच्या शेजारची, त्या दिवशी लॉरीत तिच्या मांडीला मांडी लावून बसलेली. मास्तरांनी सहज विचारलं की एवढ्या वर्षांची सवय असून अशी कशी पडली.

राधाबाईने टोपली खाली ठेवली. तिने सांगितलं की त्या दिवशी लॉरीत माल थोडा होता, त्यामुळे चढावरही ती नेहमीसारखी मंदावली नाही. बाकीच्या बायका फाळक्याकडे सरकल्या, मथुरा मात्र पुढे होऊन लॉरीच्या बाजूवरून उतरायला गेली.

"माका म्हणाक लागली, गे राधाबाय, आज बग मी कशी उतरतंय ती. माज्या चेडवान शिकवल्यान माका. चार पावलां फुडे धावूचा, मगे कोन पडणा नाय." राधाबाईने पदराने तोंड पुसलं. "एक, दोन, तीन, चार, अशी मोठ्यान मोजीत धावली. माका हसाक येय होता. चार झाली आनी ती रवली. रवली ती तोंडारच इली, दगडार."

मास्तरांनी तिला पुन्हा एकदा विचारलं, नक्की चार पावलांवरच थांबली? राधाबाई म्हणाली की मोजताना मी आयकलंय.

त्या दिवशी मास्तर प्रेमलताच्या घरी गेलेच नाहीत. मागे फिरले. घरी नर्मदाने ताट वाढलं तर बसले, पण भात तसाच राहिला. तिने दोनदा विचारल्यावर त्यांनी सांगितलं. नर्मदा म्हणाली की तुम्ही खोटं तर काही शिकवलं नाहीत, पुस्तकात आहे तेच शिकवलंत. मास्तर म्हणाले, पुस्तकात थोडं पुढे धावावं असं आहे. चार हा आकडा माझा.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी शाळेला सुट्टी दिली. एस.टी.ने फोंड्याला गेले आणि परतताना त्याच लॉरीत बसले. ड्रायव्हर त्यांना ओळखत होता. तो म्हणाला की मास्तरांनी पुढे माझ्याशेजारी बसावं, पण ते मागे गुळाच्या ढेपांजवळ उभे राहिले. वाडीतल्या बायका होत्या, पण कमी होत्या. चढ आला तशी लॉरी मंदावली. बायका मागून उतरल्या. मास्तर बाजूने उतरले आणि धावायला लागले.

चार पावलं झाली तेव्हा शरीर अजून जोरात पुढे ओढत होतं. थांबायचं म्हटलं असतं तरी थांबता आलं नसतं. ते धावत राहिले, मोजत राहिले. सतराव्या पावलाला त्यांना उभं राहता आलं. धोतराचा सोगा सुटला होता. लॉरी वळणाआड गेली. राधाबाई आणि आणखी एक बाई टोपल्या उचलून त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते प्रेमलताकडे गेले. ती घरामागे सुकत घातलेले बांगडे परतत होती. आईचं काम आता तिच्याकडे आलं होतं. मास्तरांना बघून ती उठली, हात फ्रॉकला पुसले आणि तशीच उभी राहिली. मास्तर म्हणाले की शाळेत ये, महिना बुडाला. तिने उलट विचारलं.

"तुमी चारच पावलां सांगलात मा?"

"हो."

"मिया आवशीक बरोबर सांगलंय मा?"

मास्तर वाटेत ठरवून आले होते की काय काय सांगायचं. आई पाय घसरून पडली असं सांगता आलं असतं. राधाबाईलाही तसंच सांगायला लावता आलं असतं. प्रेमलताच्या तोंडाकडे बघितल्यावर ते त्यांना जमलं नाही.

"तू मी सांगितलं तेच सांगितलंस," ते म्हणाले. "चूक माझी झाली. बैलगाडी हळू चालते, तिला चार पावलं पुरतात. लॉरीला पुरत नाहीत. गाडी जितकी जोरात, तितकं जास्त धावावं लागतं. मी काल उतरून बघितलं. मला सतरा लागली."

प्रेमलताने ते ऐकून घेतलं. वर्गात एखादं गणित सुटताना तिचे ओठ हलायचे तसे हलले, आणि थांबले.

"मगे तेवाच सांगूक व्हया होता," ती म्हणाली.

ती खाली बसली आणि बांगडे परतायला लागली. मास्तर थोडा वेळ उभे राहिले. ती पुन्हा वर बघेना, तेव्हा निघाले.

लवू त्यांना किनाऱ्यावर भेटला. त्यालाही त्यांनी सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. लवूने ऐकताना होडीच्या काठावर हात ठेवला होता, तो तसाच राहिला. मग म्हणाला की लॉरीवाला तिथे थांबत नाही हे नऊ वर्षं सगळे बघत होते, मीही बघत होतो. मास्तर म्हणाले की ते खरं असलं तरी माझं सुटत नाही. लवूला त्याचं काही करता येण्यासारखं नव्हतं. त्याने एवढंच सांगितलं, "ह्या आता खंय बोला नको. लोक चेडवाक नावा ठेवतले."

पण लोकांनी नावं आधीच ठेवली होती. मथुराचं ते मोजत धावणं राधाबाईशिवाय आणखी पाचजणींनी ऐकलेलं होतं. चेडवान आवशीक खाल्ल्यान, पोरीनेच आईला खाल्लं, असं कोणीतरी विहिरीवर बोललं आणि ते वाडीभर झालं. प्रेमलता पाण्याला गेली की बायका गप्प व्हायच्या. जानेवारीत तीन मुली शाळेतून कमी झाल्या. घरी काम आहे, असं त्यांच्या आयांनी कळवलं. त्यातली एक आई जाता जाता म्हणाली की आमच्या पोरीने शिकून आम्हाला शहाणं करायला नको.

तेव्हा मास्तरांनी लवूचं ऐकलं नाही. एका सकाळी रापण ओढून झाली होती, मासळीचे वाटे घ्यायला बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या, पुरुष जाळं झटकत होते. मास्तर वाळूतून चालत त्यांच्यामध्ये जाऊन उभे राहिले. चप्पल हातात होती. त्यांना कधी एवढ्या माणसांसमोर बोलायची सवय नव्हती, आणि शाळेतली भाषा इथे चालणार नाही हेही त्यांना कळत होतं.

"मथुराचा जा झाला, ता चेडवामुळे नाय झाला," ते म्हणाले. "चार पावलां मी शिकवलंय. ती चुकीची होती. लॉरीक चार पुरणत नाय. चेडू माजा आयकून बोलला. कोणाक बोलूचा आसात तर माका बोला."

एक म्हातारा खाकरला. वाटे करणारा माणूस हातातली सुरमई तशीच धरून थांबला होता, त्याने ती खाली ठेवली. थोड्या वेळाने राधाबाई म्हणाली की झालं ते झालं, आता मासे उन्हात तापतात. वाटे पुन्हा सुरू झाले. मास्तर आले तसे परत गेले.

त्याचा उपयोग झाला असं म्हणता येईल. विहिरीवरचं बोलणं कमी झालं. दोन मुली परत आल्या. मास्तरांच्या घरी मात्र मासे येणं बंद झालं. आधी कोणी ना कोणी दाराशी चार पेडवे टाकून जायचं, आता नर्मदाला विकत घ्यायला किनाऱ्यावर जावं लागे आणि बायका तिला सगळ्यांत शेवटी मासे द्यायच्या. ती तक्रार करत नसे. एकदाच म्हणाली की आपण बदली मागूया का. मास्तर म्हणाले की चौथीची परीक्षा होऊ दे.

फेब्रुवारीत प्रेमलता शाळेत आली. कोणी आणलं नाही, आपली आपणच पाटी घेऊन आली आणि मागच्या ओळीत भिंतीला टेकून बसली. बुडालेला अभ्यास तिने पंधरा दिवसांत भरून काढला. विचारलं की उत्तर द्यायची, बरोबर द्यायची, पुस्तकात असेल तेवढंच. हात वर करणं तिने सोडलं. मास्तर मुद्दाम काहीतरी अर्धवट सांगायचे, कोणी शंका काढावी म्हणून. पूर्वी ती सोडायची नाही. आता ती ते अर्धवटच वहीत उतरवून घ्यायची. एकदा मास्तरांनी फळ्यावर भागाकार चुकवला. तिला चूक दिसली होती, कारण तिची पेन्सिल थांबली. मग तिने चुकीचं उत्तरही तसंच लिहून घेतलं. मास्तरांनी पुढे होऊन स्वतःच फळा पुसला.

परीक्षेत ती पहिली आली. वाडीतली शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला आचऱ्याला जावं लागे. मास्तरांनी लवूला भेटून खूप समजावलं, फी माफ होईल, पुस्तकं मी देईन, असंही सांगितलं. लवू म्हणाला की घरात बाईमाणूस नाही, मी समुद्रावर असतो, मुलगी एकटी कशी ठेवू. विजयदुर्गला त्याची बहीण होती, तिला नुकतंच मूल झालं होतं. प्रेमलता तिच्याकडे राहील, मुलाला सांभाळेल. मास्तरांनी तिथल्या शाळेसाठी दाखला लिहून दिला. लवूने तो घडी करून बंडीच्या खिशात ठेवला.

जाण्याच्या दिवशी मास्तर वाटेवर उभे राहिले होते. प्रेमलताच्या हातात एक गाठोडं होतं. मास्तरांनी तिला तिकडच्या शाळेत नाव घालायला सांगितलं. "बगूया," ती म्हणाली, मोठ्या बाईसारखी. मग वाकून तिने त्यांच्या पायांना हात लावला, कारण बापाने तसं कर म्हणून खुणावलं होतं, आणि पुढे चालायला लागली.

मास्तरांनी बदली मागितली नाही. का, ते नर्मदालाही नीट सांगता आलं नाही.

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं घरी असतात. ऑगस्टमध्ये एका दुपारी लवू शाळेत आला. इरलं दाराशी ठेवून, भिजलेले पाय पुसून आत आला. पोस्टमनने त्याला एक पत्र दिलं होतं. वाचता येत नसल्यामुळे ते घेऊन तो मास्तरांकडे आला होता. वाडीतले सगळे पत्र वाचायला मास्तरांकडेच येत, हे लिहिणारीला माहीत होतं.

पोस्टकार्डावर अक्षर प्रेमलताचं होतं. ओळी सरळ, जोडाक्षरं बरोबर, कुठे खाडाखोड नाही. मास्तरांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे. आतेच्या मुलाला दोन दात आले. पाऊस फार आहे. घराच्या मागे पाणी शिरलं होतं, ते आम्ही दोघींनी बाहेर काढलं. मी भाकरी करायला शिकले. शाळेत नाव घातलं नाही, घरात काम असतं. तुम्ही होडीचं काम वेळेवर करून घ्या. राधाबाई मावशीला नमस्कार सांगा. शेजारच्या म्हाताऱ्या आजीला नमस्कार सांगा. बैलगाडीवाल्या काकांना नमस्कार सांगा. कळावे, तुमची मुलगी प्रेमलता.

मास्तर थांबले. लवू अजून ऐकायच्या तयारीत बसला होता.

"तुमका काय लिवल्यान?"

मास्तरांनी पत्र उलटून पाहिलं. मागे फक्त पत्ता होता.

"नाही," ते म्हणाले. "मला काही नाही."

लवू खजील झाल्यासारखा झाला. पोर लहान आहे, विसरली असेल, असं काहीतरी पुटपुटला. मग कोऱ्या पोस्टकार्डासाठी मास्तरांनी टेबलाचा खण उघडला आणि लवूने सांगितलं तसं ते लिहीत गेले. होडीला डांबर लावून झालं. घराचे नळे पावसाआधीच परतून घेतले. तब्येतीला जप. दसऱ्याला न्यायला येईन. शेवटी दोन बोटं जागा उरली.

"तुमचा काय घालूचा आसा तर घाला," लवू म्हणाला.

मास्तर टाक दौतीत बुडवून थोडा वेळ बसले. बाहेर पावसाचा आवाज येत होता आणि पहिलीची मुलं एका सुरात पाढे म्हणत होती. मग त्यांनी उरलेल्या जागेत काही न लिहिता खाली लवूचं नाव घातलं, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि पत्र त्याच्या हातात दिलं.